परातीतलं कासव

कासवाच्या पाठीवरच्या मधल्या खवल्यावर नऊ वलयं होती. आतली आठ कोरडी, कडक. बाहेरच्या नवव्याची कड मात्र पाण्यानं कुजल्यासारखी, नखानं दाबली की मऊ लागत होती. समतानं दोनदा दाबून पाहिलं.

"पुन्हा पाण्यात ठेवलं तू, आई."

"मंग कासव काय उन्हात ठेवतेत?" विमलबाईंनी परातीत हळद-कुंकू टाकलं. "लक्ष्मी हाय ते."

पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं हे कासव माळरानावरचं. त्याला पोहता येत नाही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी समता तीन आठवडे हेच सांगत होती. रोज सकाळी ती त्याला कोरड्या मातीत ठेवी; परत येईतो ते पितळी परातीत. आबांनी ते कुणाकडून तरी आणलं होतं, लेकीचं लग्न जमावं म्हणून. साखरखेर्डा गावात हे साऱ्यांना ठाऊक होतं.

समताच्या फोनमध्ये नोकरीचं एक पत्र होतं, भर समुद्रातल्या एका बेटावरून आलेलं. तिथली कासवं माणसाला पाठीवर घेतील एवढी. जुन्या खलाशांनी ती उताणी करून जहाजात रचली, कारण अन्नपाण्याविना ती महिनोन् महिने जगत. ताजं मटण! जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी मग पिल्लं खाल्ली. आता अंडी जपायची, पिल्लं वाढवून सोडायची, असं दोन वर्षांचं काम. उत्तर आजच हवं होतं. तीन महिने ती ते पुढं ढकलत होती. घरात कुणाला सांगितलंही नव्हतं.

कासवाच्या नाकातून बुडबुडा फुटला. तोंड उघडं होतं.

"आबा, याचं फुप्फुस भरलं. वनखात्यात देऊ. घरात ठेवनं गुन्हा हाय."

"रविवारी पाहुणे येऊन राह्यले. तवरोक राहू दे." आबा हसले. "ते काही बोंबलून राह्यलं काय? तुह्यावानी नाही, गरीब हाय बिचारं."

समताला त्या बेटावरची कासवं आठवली. उताणी रचलेलीही बोंबलली नव्हती. आणि ती स्वतः? चार वेळा पाहुण्यांपुढं चहाचा ट्रे घेऊन गेली होती, मान खाली घालून.

तिनं परात उलटी केली. कुंकवाचं पाणी अंगणभर पसरलं.

"काऊन सांडलं वं?" विमलबाई ओरडल्या.

समतानं कासव ओढणीत कोरडं गुंडाळलं.

"पाहुण्यांले येऊ नका म्हना. याले आत्ताच वनखात्यात नेऊन देतो." तिनं ओढणीतलं कासव छातीशी धरलं. "अन् आबा, मले बेटावर नोकरी लागली, कासवं वाचवायची. दोन वर्षं. मी जाऊन राह्यली."