पर्याय आपापले

हनमकोंड्याच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांकडून गणिताची उजळणी करून घ्यायचं काम कोमरय्या सरांकडे होतं. काम तसं किरकोळ. माणूस त्यात झिजायचा तेवढाच. यंदा प्रिन्सिपॉल नरहरी रेड्डींनी शब्द दिला होता : उजळणीच्या परीक्षेत वर्ग पास झाला, तर उन्हाळ्याचा जादा वर्ग नाही. म्हणजे बायकोबरोबर मणुगूरला, लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला सरांना जाता येणार होतं.

सरावाच्या चाचणीत सरांनी एकच गणित घातलं. चौरस टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ सहा चौरस मीटर, तर बाजू किती?

पानं मांडली आणि वाढायला कोणी आलंच नाही, अशा चेहऱ्यानं वर्ग बसून राहिला.

"सर, पर्याय छापायचे राहिले," संपत म्हणाला.

"पर्याय नाहीत."

"मग उत्तर कशातनं निवडायचं?"

प्रश्न बिनतोड होता. कोचिंगच्या कोंडवाड्यात पोरं हेच शिकून आली होती. चार पर्यायांतला एकेक गणितात घालून बघायचा, बसेल त्यावर खूण करायची. त्या जोरावर प्रवेशपरीक्षेत नंबर आले, गावच्या चौकात फोटो लागले. वर्गमूळ काढायची पाळी मात्र कोणावर आली नव्हती.

"देऊन टाका हो परीक्षेत पर्याय," चाचणीचं ऐकून प्रिन्सिपॉल म्हणाले. "पोरं पास, तुम्ही मोकळे. कोणाच्या बापाचं काय जातं?"

सरांना मोह झाला. पण हीच पोरं पुढं पाण्याच्या टाक्या बांधणार होती, आणि त्यांतल्या एखादीखाली आपलंच घर असेल, ही धास्ती काही जाईना.

घरी त्यांनी चाचणीचे पेपर तपासायला घेतले. सगळे कोरे. फक्त सम्मक्काचा खरडलेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला विचारलं.

"पर्याय मीच घातले, सर. दोन कमी पडले, तीन जास्त झाले. मग मधले घातले. अडीच जरा जास्त, दोन पूर्णांक चार दशांश जरा कमी. तेवढ्यात घंटा झाली."

"हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. रिकामं बसवेना, सर."

परीक्षेच्या पेपरात सरांनी प्रत्येक गणिताखाली अ, ब, क, ड छापलं आणि पुढं जागा मोकळी सोडली. वर सूचना : 'पर्याय स्वतः घालावेत, तपासावेत, बसेपर्यंत बदलावेत.' अ, ब, क, ड दिसल्याबरोबर वर्गाच्या तोंडावर रंग आला. पेनं चालू लागली. संपतनं तर एका गणिताला इतके पर्याय घातले की पुरवणी मागितली. वर्ग पास झाला.

प्रिन्सिपॉलांनी सरांना खुर्ची दिली, चहा मागवला. सर खुर्चीच्या कडेवरच टेकले.

"कॉलेजचे मालक खूश आहेत. तुमची ही पद्धत आता आपल्या सगळ्या कॉलेजांत. उन्हाळ्याचा वर्ग तुम्हीच घ्यायचा."

"पण साहेब, वर्ग पास झाला की!"

"म्हणून तर! नापास झाला असता, तर दुसरा कोणी बघितला असता."

सरांनी चहा संपवला. भांडायला अंगात त्राण लागतं.

घरी बायको, सत्तम्मा, लेकीसाठी घातलेल्या आवकायच्या, म्हणजे कैरीच्या लोणच्याच्या, बरणीला फडकं बांधत होती. सरांनी चपला काढल्या आणि खाली बघतच सांगितलं, "तू हो पुढं. मी बारशाला येतो."

"कोणाच्या शब्दावर?" तिनं गाठ आवळली. "राहू दे हो. पोर मोठं होऊन तुमच्याच वर्गात येईल, तेव्हा हजेरी घेताना नाव कळेलच."