लक्ष्मीचे डोळे काढणारी

भादव्यात महालक्ष्म्या जवळ आल्या की मालेगाव-शेलूबाजार रस्त्यावरच्या एका खेड्यात उकंडराव कुंभाराच्या ओसरीवर बायकांची झुंबड उडे. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत भाजलेले लक्ष्मीचे मुखवटे, तुळशीपुढच्या दिवल्या, अंगणात मांडायचे मातीचे मोर. मुखवट्यांचे डोळे तर असे, की कुठूनही पाहा, लक्ष्मी आपल्याकडेच बघते आहे.

हे डोळे थोरली सून अंजना काढी. १९७० साली तिचा नवरा देवमन वारला. विधवेच्या हातचं कुंकू लक्ष्मीच्या कपाळी कसं चालणार? उकंडरावाने तोड काढली. अंजनाने आतल्या अंधाऱ्या खोलीत रंगवायचं आणि ओसरीवर बसून धाकट्या रुख्मिणीने ते आपलं म्हणून विकायचं. सून कोंडली तरी चालेल, गिऱ्हाईक तुटता कामा नये! चार वर्षं हे ढोंग बिनबोभाट चाललं.

पाचव्या वर्षी मनकर्णाबाई पाटलिणीला कुठूनशी कुणकुण लागली. तिने कोरा मुखवटा रुख्मिणीपुढे ठेवला. "माह्या डोयादेखत डोये काढ अन् कुंकू लाव. मंगच नेईन."

रुख्मिणीने काडी काजळात बुडवली. डोळा वाकडा झाला. उकंडराव घाईने म्हणाला, "आज ताप हाय तिले."

"ताप नाही मले, मामाजी." रुख्मिणीने काडी खाली ठेवली. "काकू, मले हे येतच नाही. डोये अन् कुंकू सारं माह्या जाऊबाईच करून राह्यल्या. त्याईले आत कोंडून मी फुशारकी मारली. आता नाही होत माह्यानं."

"अवं माय! रांडव बाईच्या हातचं कुंकू पुजलं मी?"

अंजना दारात येऊन उभी राहिली. "पुजलं ना, काकू. मागच्या साली तुमच्या घरी नातू झाला. तवा काहून नाही बाटली लक्ष्मी?"

पाटलीण पदर सावरून तरातरा निघाली, ती थेट शेलूबाजारला. तिथल्या दुकानदाराने दाखवलेली मुखवट्यांची जोडी पाहून ती हरखली. "हे पाह्य, याले म्हनतात सवासिनीच्या हातचे डोये!" ती जोडी उकंडरावाच्याच आव्यातली, त्यानेच दुकानात विकायला दिलेली होती. अंजनाच्याच हातची. या शहाणपणापुढे कपाळ बडवावं तेवढं थोडं!

इकडे अर्धं गिऱ्हाईक तुटलं, सासऱ्याने अबोला धरला. तरी दोघी जावा तेव्हापासून ओसरीवर, भर उजेडात शेजारी बसू लागल्या.

आणि तुम्ही, वाचकहो? यंदा आपल्या घरच्या लक्ष्मीच्या डोळ्यांत नीट पाहा, आणि हळदीकुंकवाला शेजारची विधवा का बोलावली नाही, ते त्या लक्ष्मीला स्वतःच्या तोंडाने सांगून दाखवा.