टाचेखालचे स्टूल

मी एक जुने, बुटके स्टूल आहे, मित्रांनो. माझ्यावर कोणी बसत नाही, लोक माझ्यावर पाय ठेवतात. पाय ठेवतात म्हणून मला हलके समजू नका. मला फेकून द्यायला दारापर्यंत नेले होते, तरी मी अजून इथेच आहे. का आहे, ते ऐका.

मला मिस्त्रींनी घडवले. मिस्त्री म्हणजे सुतार. त्यांच्या बायकोला सगळे नुसते 'बाई' म्हणत. बाई पायाची रिफ्लेक्सॉलॉजी शिकून आल्या, तेव्हा त्यांनी घराची पुढची खोली झाडून घेतली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, एक स्टूल करून द्या. समोरच्याची टाच त्यात घट्ट बसली पाहिजे. हलता कामा नये."

मिस्त्रींनी जाड फळी घेतली, तिला चार पाय लावले आणि वर टाचेसाठी खळगा कोरला. काम सुबक झाले. पण माप घेताना जवळ दुसरे कोणी नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःचीच टाच मापली. मिस्त्रींचा पाय म्हणजे होडी! पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाची टाच माझ्यात वाटीतल्या गोटीसारखी डुगडुगू लागली.

बाई हसून हसून बेजार झाल्या. "अहो, गिऱ्हाईक कोण आणि माप कोणाचं?"

"दुसरं करून देतो," मिस्त्री ओशाळून म्हणाले.

"काही नको. रुमालानं भागेल. आणि हा खळगा तुमचाच आहे, तर संध्याकाळी येऊन बसत जा."

"मला काय धाड भरलीय?"

बाईंनी रुमालाची घडी करून खळग्यात ठेवली. ती घडी पुढे कायमची राहिली.

आता बाई काय करायच्या ते सांगते. ही विद्या असे मानते की तळव्यावर साऱ्या शरीराचा नकाशा आहे. बोटे म्हणजे डोके. बोटांखालचा फुगीर भाग म्हणजे छाती. मधली खोलगट जागा पोटाची, टाच कंबरेखालची, आणि पायाची आतली कड म्हणजे पाठीचा कणा. त्या त्या जागी दाब दिला की त्या त्या अवयवाला आराम पडतो, असे ती सांगते. ते कितपत खरे, ते मी लाकूड काय सांगणार? पण आलेला माणूस जाताना वेगळा चालायचा. एवढे मी पाहिले आहे, आणि ते मी कोणालाही तोंडावर सांगेन.

बाई आधी पाय कोमट पाण्यात ठेवायला लावत. मग बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करत. मग निरखून पाहत. जखम असेल, सूज असेल, तर हात लावत नसत. "आधी डॉक्टर," म्हणत. नंतर घोटा गोल फिरवून सैल करत. आणि मग त्यांचा अंगठा चालू लागे. अळी कशी पाठ वाकवते आणि पुढे सरकते, तसा. वाकला, दाबला, सरकला. टाचेपासून बोटांपर्यंत, एकही जागा न सोडता. दुखरी जागा आली की तिथे थांबत, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत आणि दाब कमी करत. शेवटी प्यायला पाणी देत.

एकदा एक गृहस्थ म्हणाले, "बाई, माझी साखर तेवढी उतरवा."

"साखर काय तळव्यातून गळते का हो? गोळी वेळेवर घ्या. माझ्याकडे थकवा घेऊन या, तो उतरवते."

असा रोखठोक कारभार होता. म्हणून लोक येत. दिवसभर उभ्या राहणाऱ्या एक नर्सबाई येत. बसचे एक ड्रायव्हर येत, त्यांना सगळे 'ब्रेकमामा' म्हणत. शेवटचे गिऱ्हाईक गेले की बाई आत हाक मारत, "अहो, या. घरचा पाय राहिलाय."

"उद्या बघू," मिस्त्री आतून म्हणत. रोजचे उत्तर हेच.

मग बाई आजारी पडल्या. तळवे दाबून जाणारा तो आजार नव्हता, हे त्यांनाच आधी कळले. नर्सबाईंच्याच वॉर्डात त्यांनी प्राण सोडला. खोलीला कुलूप लागले. बाईंनी कोणाला काही शिकवून ठेवले नव्हते. माझ्यावर धूळ बसली आणि रुमालाची घडी कडक झाली. मिस्त्री दारापर्यंत येत, कुलपाला हात लावत आणि परत जात.

एक दिवस त्यांच्या मुलाने कुलूप काढले. "बाबा, खोली अशी किती दिवस ठेवायची? मी माझं दुकान इथं आणतो."  मुलाने खुर्ची बाजूला केली, मला उचलले आणि भंगारात टाकायला निघाला.

दारात नर्सबाई उभ्या होत्या. ड्यूटीवरून तशाच आलेल्या.

"खाली ठेव ते," त्या म्हणाल्या.

"मावशी, आई आता..."

"मला सांगतोस? तिचा हात माझ्या हातात होता." त्या आत येऊन खुर्चीत बसल्या आणि बूट काढू लागल्या. "माझे पाय दुखायचे थांबलेत का? मिस्त्री, बसा समोर."

"मला कुठं येतं?" मिस्त्री म्हणाले.

"मला येतं. म्हणजे माझ्या पायांना येतं. इतकी वर्षं दाबून घेतलेत ते. तुम्ही हात चालवा, चुकलात की मी सांगते."

मुलाने मला खाली ठेवले. मिस्त्रींनी पाणी आणले, पाय पुसले आणि अंगठा टेकवला.

"आई गं! अहो, खिळा ठोकताय का?"

"मग कसं?"

"टोकानं नाही, अंगठ्याच्या कडेनं. वाकवा. आता सरका. सरका म्हटलं, रंधा नका मारू!"

मुलाला राहवेना. "बाबा, या वयात लोकांचे पाय दाबणार? लोक काय म्हणतील?"

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "तुझी आई दाबायची तेव्हा काय म्हणायचे? 'बाई, पुढचा नंबर माझा' म्हणायचे. दुकान दुसरीकडं बघ. ही खोली चालू राहील."

बातमी पसरली. ब्रेकमामा आले. त्यांची कंबर जुनी दुखरी, त्यामुळे टाचेचा भाग त्यांना तोंडपाठ. नर्सबाईंना बोटे पाठ. कोणाला घोटा, कोणाला पायाची कड. बाईंचे काम जेवढे ज्याच्या तळव्यात शिल्लक होते, तेवढे त्याने मिस्त्रींना परत दिले. सुरुवात डाव्या पायाने की उजव्या, यावरून तर भांडण जुंपले.

"डावा!"

"उजवा! ब्रेकचा पाय आधी, तोच दमतो."

"जगात सगळेच बस चालवतात का, मामा?"

खरे उत्तर डावा. मला माहीत होते, पण विचारतो कोण?

मिस्त्रींचा अंगठा हळूहळू वाकायला शिकला. एका संध्याकाळी शेवटचे गिऱ्हाईक नर्सबाईच होत्या. बूट घालायचे सोडून त्या उठल्या आणि समोर येऊन बसल्या. "आता तुम्ही खुर्चीत. घरचा पाय राहिलाय."

मिस्त्री 'उद्या बघू' म्हणणार होते. ओठ हललेही. पण उठून ते खुर्चीकडे गेले. ते बसले. खळग्यातला रुमाल त्यांनी दोन्ही हातांनी काढला, मांडीवर ठेवला आणि टाच माझ्यात टेकवली.

बसली. घट्ट. जराही हलली नाही.

मित्रांनो, एवढी वर्षे मी परक्या टाचा रुमालावर झेलल्या. ज्या टाचेसाठी मी कोरले गेले, ती त्या दिवशी पहिल्यांदा आली. दाबणारे हात मात्र बाईंचे नव्हते. मिस्त्री रडत होते आणि नर्सबाई डाव्या पायाने सुरुवात करत होत्या.

तेव्हा मला जुने म्हणा, बुटके म्हणा, चुकीच्या मापाचे म्हणा. मी हलणार नाही. दिवसभर तुम्हाला वाहून नेणाऱ्या पायांना रोज धुवा, पुसा, निरखून बघा. आणि घरात कोणी तुमच्या पायांसाठी हाक मारली, तर 'उद्या' म्हणू नका. उठा आणि जाऊन बसा.