आबांनी मला कधी मारलं नाही

मी एक जुना दरवाजा आहे. घराचा पुढचा दरवाजा नव्हे, बरं का मित्रांनो! त्याचा रुबाबच वेगळा. त्याला घंटी आहे, नावाची पाटी आहे, येणारा पाहुणा त्याच्यासमोर थांबून केस सारखे करतो. मी आपला आतल्या खोलीचा. माझ्या वाट्याला ओले टॉवेल आणि उद्या घालायचे कपडे.

मला घडवणारा सुतार तोंडाचा फटकळ आणि हाताचा हळुवार होता. रंधा मारून झाला की तो माझ्यावरून तळहात फिरवायचा. कुठे लाकडाची बारीक कूस हाताला लागली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चौकटीत बसवल्यावर त्यानं मला नुसतं ढकलून दाखवलं, तर मी आवाज न करता मिटलो. घरातल्यांनी वाहवा केली आणि मी हुरळून गेलो.

ही खोली आबांची. आबा शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. सगळी नोकरी त्यांनी गर्दीतून बस हाकली, पण कुणाला साधा ओरखडा येऊ दिला नाही. सवय अशी अंगात मुरलेली, की घरात खुर्ची मागं सरकवतानाही ते आधी मान वळवून बघायचे. सून हसून म्हणायची, "येऊ द्या आबा, येऊ द्या! रस्ता मोकळा आहे!"

त्यांची नात गुंडी. खरं नाव मोठं आहे, पण एवढ्याशा जिवाला ते कोण लावणार? चालायला लागली ती आबांचं बोट धरूनच. दिवसभर दोघं माझ्यातून आत-बाहेर करायचे.

एका दुपारी वारा सुटला आणि मी सारखा आपटायला लागलो. सून कामावरून दमून येऊन बाहेरच्या खोलीत नुकतीच आडवी झाली होती. तिची झोप मोडू नये म्हणून आबा मला लावायला उठले. त्यांनी कडीच्या बाजूला पाहिलं, खाली पाहिलं, मग हलकेच ढकललं. बिजागरीच्या बाजूला फट असते, तिकडे कोण बघतं? गुंडी तिथं बसली होती आणि तिची बोटं त्या फटीत होती.

ती किंकाळी अजून माझ्या लाकडात आहे.

सून धावत आली. तिनं चेंगरलेलं बोट नळाच्या गार पाण्याखाली धरलं, स्वच्छ कापडात गुंडाळलं, गुंडीचा हात वर धरून तिला उचललं आणि दवाखान्याकडे पळाली. जाताना म्हणाली, "आबा, तुम्ही घरीच थांबा." आबांनी फरशीवरचे डाग पुसले. डाग गेले तरी ते पुसतच राहिले.

बोटाचं हाड शाबूत होतं. नख मात्र गेलं, टाके पडले. "नख पुन्हा येईल," असं डॉक्टरांनी सांगितल्याचं मी ऐकलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर माझे दिवस फिरले. गुंडी ठणक्यानं रडू लागली की सून माझ्यावर चापट मारायची, "हात् रे दारा! माझ्या गुंडीला बाऊ केलास?" आबांचा मुलगा कामावरून आला की तोही हाणायचा. शेजारच्या काकू तर साखर मागायला आल्या आणि मला दोन देऊन गेल्या! सगळं खापर माझ्या डोक्यावर. पण प्रत्येक चापटीला गुंडी हुंदका गिळून बघायची आणि शांत व्हायची. म्हणून मी मुकाट्यानं मार खाल्ला. लाकडाला कुठे लागतं?

मग सुनेनं माझ्या डोक्यावरून एक जाड टॉवेल टाकून ठेवला, मी कधीच पुरता मिटू नये म्हणून. शहाणपणाचं काम केलं, मान्य आहे. पण जो कधी मिटतच नाही तो दरवाजा कसला? मी नुसती एक उभी फळी झालो. कुणी हात लावला तर तो मारण्यापुरता.

घरात मला न मारणारा एकच माणूस होता. आबा.

त्यांना कुणी एका शब्दानंही बोललं नाही. मुलगा म्हणाला, "होतं असं," आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. सून चहा आणून ठेवायची आणि मागच्या पावली परत जायची. त्यांना बोललेलं लागेल म्हणून सगळे गप्प, आणि त्या गप्प राहण्यानंच आबा खचत चालले होते. ते दिवसभर खुर्चीत बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. गुंडी आली की म्हणायचे, "आईकडे जा, बाळा." आधी ती हट्ट करायची. मग चौकटीपाशी थांबून नुसती बघायची. पुढे पुढे ती यायचीच बंद झाली. एका खोलीत मी आणि आबा, दोघंही वापरातून काढल्यासारखे. मला वाटायचं, हे हात आता त्या पोरीला पुन्हा कधीच उचलणार नाहीत.

बोटाची पट्टी निघाली त्या दिवशी गुंडी दुडुदुडु आली. सवयीनं तिनं मला एक चापट दिली. मग आबांकडे पाहिलं. जाऊन त्यांचा हात ओढून बाहेर काढला आणि मला दाखवून म्हणाली, "आबा, माल! दालाला माल!"

आबांचा हात वर गेला आणि तिथंच थांबला.

"दारानं नाही गं केलं," ते म्हणाले. "मी लावलं दार. मी केलं तुला बाऊ."

गुंडीनं माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. जरा विचार केला. आणि आबांच्या गुडघ्यावर फाडकन एक चापट मारली, "हात् ले आबा!"

मग झालं. तिचा न्याय करून झाला होता. दोन्ही हात वर करून ती म्हणाली, "घे."

दारात सून उभी होती. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मला माहीत होतं, आबा. तुमच्यावर दोष येऊ नये म्हणून तर दाराला मारत होते. तुम्हाला एकट्याला असं सोडायला नको होतं. घ्या तिला."

आबांनी आधी मान वळवून दोन्हीकडे पाहिलं. मग तिला उचललं.

मित्रांनो, मला लावण्याआधी माझ्या मागच्या फटीकडेही एकदा बघत जा. लहानग्यांची बोटं तिथंच असतात. आणि एवढं करूनही कधी काही झालंच, तर मला हवं तेवढं मारा. पण घरात जो माणूस मला मारत नाही, त्याच्याजवळ जाऊन बसा. लागलेलं त्यालाही असतं.