सहाशे अकरा

तुकोगंजातल्या ऑफिसात बसून मी अमेरिकेतल्या खेडवळ काउंट्यांची माहिती लिहिते. नदी कुठली, रेल्वे कधी आली, लोकसंख्या किती. ही पानं कुणी कुत्रंही वाचत नाही, याची मला सहा वर्षं खात्री होती.

आज टोलन काउंटीतल्या एका म्हाताऱ्याची ईमेल आली. ‘तुम्ही सहाशे चौदा लिहिलंय. आम्ही सहाशे अकरा आहोत. या हिवाळ्यात तिघं गेली.’ खाली तिघांची नावं होती.

आमचे सर म्हणाले, “अरे मंजिरीजी, तीन से क्या फर्क पड़ता है? सेन्ससचा आकडा आहे, राहू द्या. अजून नऊ काउंट्या बाकी आहेत.”

मी चिडून आकडा बदललाच.

संध्याकाळी थकून सुदामा नगरला पोचले, तर बिल्डिंगखाली खुर्च्या मांडलेल्या आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं सांत्वनाला बसलेली. चौकीदाराला हळूच विचारलं, “भिया, कोण गेलं?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “मॅडम, आपके ऊपरवाले अंकलजी. परसों गए, आज उठावना है.”

मी माझं दार मागे टाकून आणखी एक जिना चढले आणि त्यांच्या दारावरची पाटी पहिल्यांदा वाचली.