खाऱ्या पाण्यातला दगड

मी एक दगड बोलतोय. मुठीत मावेल एवढा, काळसर, दोन्ही अंगांनी चपटा. या घडीला मी स्वयंपाकघरातल्या काचेच्या बरणीत, खारट-आंबट पाण्यात बसलो आहे. माझ्याखाली कोबी, गाजर आणि मुळ्याच्या चकत्या आहेत. त्यांना पाण्याखाली दाबून ठेवायचे, इतकीच माझी सेवा. मधल्या काळात मात्र माझ्याकडून याहून फार मोठी अपेक्षा केली गेली आणि त्यापायी एका भल्या माणसाचा जीव जाता जाता राहिला. ते सांगावे म्हणून तोंड उघडले आहे.

जन्म माझा डोंगरातला. तिथून निखळलो आणि नदीच्या हाती सापडलो. तिने मला किती काळ घासले ते तिलाच ठाऊक. माझे कोपरे गेले, धार गेली. दुसऱ्याला टोचेल असे जे जे होते ते सारे तिने काढून घेतले. घडवणारा घडवत असतो, घडणाऱ्याने निमूट असावे, एवढे मी तिच्याकडून शिकलो.

एके दिवशी एक नवे जोडपे नदीकाठी आले. नवरा शिवणकाम करणारा. लोक त्याला मास्तर म्हणत, त्याच्या बायकोला बाई. बायकोने मला पाण्यातून उचलले, तळहातावर तोलून पाहिले.

"अहो, कापड दाबायला बरा आहे."

"लग्नानंतरची पहिली भेट, आणि दगड देतेस?"

"मग? तुम्ही मला कात्री दिली होतीत, विसरलात?"

अशा रीतीने मी मास्तरांच्या घरी आलो. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. बेतण्याच्या मेजावर कापड पसरले की मी त्याच्या कोपऱ्यावर बसे. तिथून मी माणसे पाहिली. टेप कमरेला लागताच जो तो श्वास रोखून पोट आत घेई आणि मास्तर गालात हसून दोन बोटे सैल धरत. दिवसभर बसून काम, गिऱ्हाईक आले की त्याच्याबरोबर गोड चहा, चहाबरोबर बिस्किटे. साऱ्या गल्लीच्या कमरा त्यांनी मोजल्या, पण स्वतःच्या कमरेला कधी टेप लावली नाही. पँट घट्ट झाली की शिवण उसवायची आणि आतले कापड सोडायचे. शेवटी सोडायला कापडही उरले नाही.

पुढे मेजावर लोखंडी वजने आली आणि माझी रवानगी मेजाच्या डगमगत्या पायाखाली झाली. धूळ, तुटलेली बटणे, दोऱ्यांची गुंतवळ यांच्या संगतीत मी बरीच वर्षे काढली. तक्रार नव्हती. भार सोसायचाच असेल तर तो कापडाचा काय आणि मेजाचा काय!

मग एका दुपारी मास्तर आणि बाई दवाखान्यातून परतले. मास्तर मशीनवर बसले, पण मशीन सुरू होईना. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय साखरेने गेला होता. तो पाय ज्या पँटीत असायचा तिची एक बाजू मास्तरांनीच दुमडून शिवली होती. आणि आज डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितले होते की, "अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभे आहात. इथून मागे फिरता येतं. फिरा."

काय काय करायचे तेही त्यांनी सांगितले होते. चहातली साखर बंद, भात निम्मा, रोज चालणे, वजन उतरवणे. बाईंनी विचारले होते, "माझी आई भाज्या मिठाच्या पाण्यात आंबवायची. त्या चालतील का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "चालतील की. आंबताना भाजीतली बरीचशी साखर खर्ची पडते, चोथा राहतो, पोटाला बरं असतं. जेवणानंतर साखर एकदम चढते ना, तिला थोडा आवर बसायला काही जणांना मदत होते. पण मीठ असतं, तेव्हा जेवणाबरोबर थोडीच. आणि ते अन्न आहे, औषध नव्हे, एवढं ध्यानात ठेवा."

बाईंनी हे सारे ध्यानात ठेवले. मास्तरांनी अर्धे.

"अहो, माझा दगड कुठाय?"

मेजाखालून मला काढले, घासले, उकळत्या पाण्यात टाकले. बाई चकत्या कापत होत्या, मीठ तोलत होत्या, ओठांवर देवाचे नाव होते. मग बरणीत भाजी, भाजीवर पाणी, आणि सगळ्यांच्या वर मी. भाजीचा तुकडा पाण्यावर तरंगला की त्याला बुरशी धरते. म्हणून कुणीतरी वर बसावे लागते. दोन-चार दिवसांत माझ्या कडेने बारीक बुडबुडे चढू लागले. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव भाजीची गोडी खात होते आणि तिचा आंबटपणा करीत होते. काम सारे त्यांचे. मी फक्त बसून होतो.

पहिला घास घेताच मास्तरांनी डोळे मिटले. "अगं, तोंड वाकडं झालं माझं!"

"तोंड वाकडं झालं तरी चालेल. पाय जाग्यावर राहू दे."

मास्तरांनी ते मनावर घेतले. चहा बिनसाखरेचा झाला, बिस्किटांचा डबा शेजारच्या मुलांकडे गेला, संध्याकाळी दुकान लवकर बंद करून ते नदीच्या पुलापर्यंत चालून येऊ लागले. ताटात आधी माझ्याखालची चमचाभर भाजी, मग निम्मा भात. काही महिन्यांनी रक्त तपासले तर साखर उंबरठ्यावरून मागे फिरली होती. बाईंनी हात जोडले, डोळे पुसले.

इथवर सारे ठीक होते. पण यश आले की माणसाला ते कुणाच्या तरी माथ्यावर ठेवावेसे वाटते. चालणे लोकांना दाखवता येत नाही. न खाल्लेली बिस्किटे तर मुळीच नाहीत. बरणी दाखवता येते! मास्तरांनी ती दुकानात आणून आरशाशेजारी मांडली. येईल त्या गिऱ्हाइकाला ते तिची कीर्ती सांगू लागले. सकाळी दुकान उघडताना तिला नमस्कारही करू लागले. मी आत अवघडून जाई. दगडाला देव करणे माणसाला फार सोपे जाते, कारण दगड उलटून बोलत नाही. देव ज्याचा तो अंतरी असतो. मी नुसते वजन होतो. पण हे सांगणार कोण?

शेजारच्या दुकानात घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ होते. गल्लीत त्यांना घड्याळजी म्हणत. मास्तरांचा हा जिवाभावाचा दोस्त, आणि साखरेचा जुना रोगी. कितीतरी वर्षे रोज गोळ्या चालू.

एकदा ते बटण लावून घ्यायला आले, तेव्हा मास्तर म्हणाले, "अरे, किती दिवस गोळ्या गिळणार? सोड त्या. हे खा. माझं बघ ना!"

"डॉक्टरीण ओरडेल रे."

"तिला सांगायचंच कशाला? पुढच्या तपासणीला आकडा बघून तीच गप्प होईल."

आतून बाई म्हणाल्या, "अहो, भलतं काय सांगताय? भाऊजी, यांचं ऐकू नका हं."

"तू गप्प बस गं. पुरुषांच्या बोलण्यात..."

"पुरुषांच्या बोलण्यात अक्कल असती तर मी कशाला बोलले असते?"

तिघेही हसले. हसण्यावारी गेले, असे बाईंना वाटले. पण मित्राच्या शब्दावर माणसाचा विश्वास बसतो तसा डॉक्टरच्या चिठ्ठीवर बसत नाही. घड्याळजी बरणीतली भाजी वाटीभर घरी नेऊ लागले आणि त्यांच्या गोळ्या कपाटात पडून राहू लागल्या.

मी काचेतून पाहत होतो. घड्याळजी आधी पाणी मागायला येऊ लागले, मग सारखे मागायला येऊ लागले. चेहरा ओढल्यासारखा झाला. मास्तर म्हणाले, "वजन उतरतंय तुझं. बरणीचा गुण!" एकदा घड्याळजी हसत म्हणाले, "अरे, आज स्क्रूच दिसेना मला. चष्मा जुना झाला बहुतेक." काम करताना हाताच्या अंगठ्याला झालेली जखम भरत नव्हती, त्यांनी तिला कापडाची चिंधी गुंडाळली होती, आणि ती चिंधी मास्तरांनीच कापून दिली होती.

मग एका दुपारी शेजारून काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. मास्तर धावले. घड्याळजी खुर्चीखाली पडले होते. शुद्ध जात-येत होती, भोवती घड्याळांचे बारीक बारीक भाग विखुरलेले. मास्तरांनी गाडी थांबवली, त्यांना खांद्यावर घेतले, दवाखाना गाठला.

पुढचे मी बाईंच्या तोंडून ऐकले. घड्याळजींची लेक धावत आली. डॉक्टरांनी साखर किती चढली आहे ते सांगितले, तशी ती म्हणाली, "बाबांच्या गोळ्या कपाटात तशाच आहेत. बंद कुणी करायला सांगितल्या?"

मास्तर म्हणाले, "मी."

काका म्हणत आलेली ती तोंड फिरवून आत बाबांकडे निघून गेली.

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले ते सरळ बरणीपाशी. झाकण फेकले, हात घालून मला बाहेर काढले. मुठीत इतके आवळले की मी फुटेन असे त्यांना वाटले असावे. बाईंनी मनगट धरले.

"दगडानं काय केलं? भाजीनं काय केलं? बोललात तुम्ही."

"मला वाटलं, मला गुण आला तर त्यालाही येईल."

"आयुष्यात कधी एकाच्या मापानं दुसऱ्याचा कोट कापलात? मग हे कसं कापलंत?"

मास्तर लहान मुलासारखे रडले. मला मात्र बाईंनी पुन्हा धुतले, उकळले आणि बरणीत ठेवले. बरणी दुकानातून स्वयंपाकघरात गेली. नमस्कार थांबला. मला फार हलके वाटले.

घड्याळजी वाचले. अंगठ्याचे टोक गेले, पण हात राहिला. मास्तर रोज दवाखान्यात जाऊन बसत. लेक त्यांच्याशी अजून तुटक बोलते. तो तिचा हक्क आहे, असे मास्तर म्हणतात. घड्याळजी दुकानात परतले त्या दिवशी मास्तर दारात जाऊन उभे राहिले. पायरी चढायचा धीर होईना.

"आत ये ना," घड्याळजी म्हणाले. "का बाहेरूनच माप घेणार?"

"गोळी घेतलीस?"

"घेतली. तू चाललास का आज?"

"नाही अजून."

"मग चल. मला पुलापर्यंत चालायला सांगितलंय. हळू चाल मात्र."

आता दोघे रोज जातात. मास्तरांच्या ताटात आजही माझ्याखालची भाजी पडते, जेवढी डॉक्टरीणबाईंनी सांगितली तेवढीच. परवा एक अनोळखी बाई दुकानात येऊन म्हणाली, "तुमच्याकडे साखरेवरची बरणी आहे म्हणे."

मास्तरांनी सुईत दोरा ओवला, मान वर न करता म्हणाले, "बरणी आहे, पण त्यात भाजी आहे. खायची असेल तर देतो. साखरेचं विचारायचं असेल तर दवाखाना चौकात आहे. गोळ्या चालू असतील तर एकही चुकवू नका, ताई. दुसऱ्याला चुकवायला लावून बसलोय मी."

ती बाई थोडी भाजी घेऊन चौकाच्या दिशेने गेली.

वाचकहो, मी आणखी बरीच वर्षे टिकेन. दगडाला मरण उशिरा येते. तुमच्या घरी अशी बरणी असेल तर आनंदाने ठेवा, चवीने खा. आतल्या दगडाला मात्र डोक्यावर घेऊ नका. त्याला पाण्यात राहू द्या.