खंड सत्तेचाळीस, पान एकशे बारा

मी एका जर्मन गणिती नियतकालिकाचा सत्तेचाळिसावा खंड. नियतकालिक केव्हाच बंद पडलं, त्यामुळे नाव सांगून उपयोग नाही. १९०९ साली मी छापला गेलो, बोटीनं मुंबईत आलो, आणि ज्या प्राध्यापकांनी मला मागवलं होतं ते वारल्यावर त्यांच्या इतर पुस्तकांबरोबर एका जुन्या ग्रंथालयात पोचलो.

तिथं मला हिरव्या कापडाची बांधणी मिळाली. बांधणारा घाईत असावा. त्यानं माझ्या कडा कापल्याच नाहीत. त्यामुळे माझी बरीच पानं वरच्या बाजूला एकमेकांना जोडलेलीच राहिली. ती सुटी केल्याशिवाय वाचता येणार नव्हती, आणि सत्त्याहत्तर वर्षांत ती कोणी सुटी केली नाहीत. वर्षातून एकदा शिपाई मला उचलून फडकं मारायचा. माणसांशी माझा संबंध एवढाच.

१९८६ च्या नोव्हेंबरात मला खाली काढलं, खाकी कागदात बांधलं आणि टपालानं रत्नागिरीला पाठवलं. सोबत चिठ्ठी होती: पंधरा दिवसांची मुदत, झेरॉक्स काढू नये, ग्रंथालयाबाहेर नेऊ नये.

मला मागवलं होतं सुमेधा आगाशे यांनी. तिथल्या कॉलेजात त्या गणित शिकवायच्या. वय एकतीस. पाच वर्षं त्या ग्रुप्सच्या प्रोजेक्टिव्ह रिप्रेझेंटेशनवर पीएच.डी. करत होत्या. प्रबंधातला मुख्य सिद्धांत त्यांनी स्वतः शोधला होता. आता फक्त टाइप करून द्यायचं बाकी होतं, आणि नोंदणीची मुदत डिसेंबरअखेर संपत होती.

पण मे महिन्यात मुंबईत एका जुन्या लेखाच्या तळटीपेत त्यांना माझा उल्लेख सापडला होता. ‘खंड ७४, १९०९, पाहा’, एवढाच. याच विषयावर कोणी आधी काही लिहिलेलं असेल, तर ते पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. त्यांनी नऊ ग्रंथालयांना पत्रं लिहिली. चौघांची उत्तरं आली. चौघांचंही म्हणणं एकच, की चौऱ्याहत्तराव्या खंडात असा लेख नाही.

सुटका केली ती कॉलेजचे ग्रंथपाल महिपतराव यांनी. ते लांज्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. गणिताचं त्यांना वावडं, पण नोंदी वाचण्यात डोळा पक्का. त्यांनी तळटीप दोनदा वाचली आणि म्हणाले, की साल १९०९ दिलंय, मग त्या सालचा खंड कितवा ते विचारा. आकडे उलटे छापले असतील. तसंच निघालं. चौऱ्याहत्तर नव्हे, सत्तेचाळीस. म्हणून मी तिथं होतो.

महिपतरावांनी आपली स्टीलची पट्टी दिली. सुमेधाबाईंनी ती अलगद घालत माझी पानं एकेक करून सोडवली. इतक्या वर्षांनी कोणी मला उघडत होतं, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. पण मला भीती वाटत होती. पान एकशे बारावर काय आहे ते मला ठाऊक होतं.

त्या पानाशी त्यांचा हात थांबला. जर्मन त्यांना येत नव्हतं, पण सूत्रांना भाषा लागत नाही. त्यांनी पिशवीतून आपली वही काढली आणि माझ्याशेजारी उघडून ठेवली. एक ओळ इकडची, एक ओळ तिकडची. अक्षरं वेगळी होती, बाकी सगळं तेच. महिपतरावांनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

तरी एक आशा होती. माझ्या लेखकानं काही जादा अट घातली असेल, सिद्धांत थोड्याच ग्रुप्सना लागू असेल. ते मजकुरात असणार, आणि मजकूर वाचणारं रत्नागिरीत कोणी मिळेना. पुढचे बारा दिवस त्यांनी छोटा शब्दकोश घेऊन धडपड केली. दिवसाला पाच ओळी. शेवटी आठवले वडिलांचे मित्र परशुराम फडके. ते पोफळीच्या वीजगृहात यंत्रांवर होते, तरुणपणी दोन वर्षं जर्मनीत शिकून आलेले, आणि निवृत्तीनंतर मुलाकडे तिथल्याच कॉलनीत राहत होते.

शनिवारी सुमेधाबाईंनी महिपतरावांना विचारलं, की उद्या हा खंड पोफळीला नेला तर? नियम दोघांनाही पाठ होता. महिपतरावांनी मला उचलून त्यांच्या हातात दिलं.

“सोमवारी साडेअकराला पार्सल पोष्टात गेलं पाहिजे,” ते म्हणाले. “त्याच्या आधी हे कपाटात आहे की नाही, मी काय बघायला जात नाय.”

रविवारी आम्ही एस.टी.नं निघालो. घाटवळणांवर त्या मला दोन्ही हातांनी छातीशी धरून बसल्या होत्या. मी हरवलो असतो तर महिपतरावांची नोकरी अडचणीत आली असती.

परशुरामकाकांनी चष्मा पुसला आणि आधी विषय समजावून मागितला. सुमेधाबाईंनी सांगितलं, की ग्रुपमधल्या प्रत्येक घटकाला एक मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा एक तक्ता, द्यायची. दोन घटकांचा गुणाकार केला, तर त्यांच्या मॅट्रिक्सचा गुणाकारही तसाच यायला हवा. पण इथं तो अगदी तसाच नाही आला तरी चालतं, एका संख्येच्या गुणकाचा फरक माफ.

“म्हणजे विजेचा फेज सरकला तरी यंत्र तेच,” काका म्हणाले, आणि वाचायला लागले.

ते वाक्य वाचायचे, मराठीत सांगायचे, अडलेला गणिती शब्द सुमेधाबाई ओळखायच्या. जेवायची वेळ टळून गेली. दोनच्या सुमारास शेवटची आशाही संपली. त्यांच्या स्वतःच्या अटींपलीकडे कुठलीच जादा अट नव्हती. त्यांचा सिद्धांत, पूर्णच्या पूर्ण, माझ्यात होता. पाच प्रकरणांपैकी तीन गेली.

मी काय करू शकत होतो? ज्या माणसानं मला लिहिलं त्याचं ते होतं. पण त्या बाईंचा चेहरा पाहून मला माझ्याच छपाईची लाज वाटली.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. हे आजवर कोणी वाचलंय का, असं त्यांनी विचारलं. सुमेधाबाईंनी सांगितलं, की पानंसुद्धा जोडलेली होती.

“अगो, मग उद्या हा मुंबईला परत जाईल आणि पुन्हा फळीवर बसेल,” काका हळूच म्हणाले. “तुला सापडला नसता तर? चार ग्रंथालयांनी नाहीच म्हटलं होतं ना?”

ते वाईट हेतूनं बोलत नव्हते. लेकीसारख्या मुलीची पाच वर्षं त्यांना दिसत होती. सुमेधाबाई काय म्हणतील ते मला कळेना. माझं पुढचं आयुष्य त्या एका उत्तरावर होतं. त्यांनी काकांचं ऐकलं असतं तर मी खरोखरच मेलो असतो.

“पण मला सापडलाय, काका,” त्या म्हणाल्या. “गाईड सरांना कळवते. कळवायचं तर नीट कळवायला हवं. शेवटपर्यंत वाचा.”

उरलेली दोन पानं काकांनी वाचली. थकले होते, आवाज बसला होता. शेवटच्या परिच्छेदात लेखकानं लिहिलं होतं, की हे सगळं घटकांची संख्या विषम असलेल्या ग्रुप्ससाठी सिद्ध केलं आहे, सम संख्येलाही ते तसंच लागू पडतं, हे लगेच दिसून येतं.

सुमेधाबाईंनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

“लगेच नाही दिसत,” त्या म्हणाल्या. “मी आठ महिने बघत होते. सोळा घटकांच्या एका ग्रुपला ते लागूच पडत नाही.”

ती आकडेमोड त्यांनी अपयश म्हणून एका वहीत टाकून दिली होती. ती जमेना म्हणूनच त्यांनी प्रबंधात विषम संख्या धरली होती. माझ्या लेखकानं मात्र एका वाक्यात ती बाजू उडवून लावली होती, आणि तिथंच चुकला होता. सत्त्याहत्तर वर्षं ती चूक माझ्या पोटात होती. मला पत्ता नव्हता.

रात्र त्यांनी तिथंच काढली, पहाटेची गाडी धरली. हातखंब्याला गाडी बंद पडली. साडेनऊ वाजले होते. पुढची गाडी केव्हा, ते कोणाला सांगता येईना. शेवटी त्यांनी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडे रिकामा परतणारा मासळीचा टेम्पो थांबवला आणि पुढच्या सीटवर चढल्या. अकरा वाजता आम्ही कॉलेजात शिरलो, तेव्हा महिपतराव खाकी कागद पसरून बसले होते आणि समोर उभ्या प्राचार्यांना सांगत होते, की खंडाची पानं तपासून झाली, आता बांधतोच. मी त्यांच्या हातात आलो तेव्हा मला बांगड्याचा वास येत होता. त्यांनी तोंडावरची रेषही हलू दिली नाही.

पुढचं मला दीड वर्षानं कळलं. १९८८ च्या मे महिन्यात सुमेधाबाई मुंबईच्या ग्रंथालयात आल्या आणि तिथल्या बाईंना सांगत होत्या. गाईड सर आधी भडकले होते, महिनाभर पत्राला उत्तर नव्हतं. मुदतवाढीसाठी खेपा झाल्या, त्या वर्षीची बढती गेली. तीन प्रकरणं फाडून सम संख्येच्या ग्रुप्सवर त्यांनी नवी लिहिली. त्यात त्यांना स्वतःचीही दोनदा चूक सापडली. प्रबंध मान्य झाला. परशुरामकाका तोवर नव्हते. पहिल्या पानावर त्यांचं नाव आहे, आणि महिपतरावांचंही. संदर्भसूचीत मी आहे, बरोबर आकड्यासह.

त्या सूचीमुळे लोक मला शोधू लागले. आता १९८९ चालू आहे. काल धारवाडहून पत्र आलं, आणि मी काउंटरवर पडून आहे, सुतळी आणायला शिपाई गेलाय. तिथं कोणी वर्षानुवर्षं खपून काहीतरी शोधलं आहे म्हणे. ते माझ्यात आधीच असेल का, ठाऊक नाही. वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे, की माझ्यासारख्यांना वेळेवर मागवा. प्रबंध बांधून झाल्यावर नको, पहिल्या वर्षी. मी काही आनंदाची बातमी घेऊन येईनच असं नाही. पण मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि माझ्यावर विश्वास टाकू नका.